दफ्तरी गाठ

आई गेली आणि माझ्या वेण्या अप्पांच्या हाती आल्या. माझे वडील, म्हणजे अप्पा, अहमदपूरच्या तहसील कचेरीत दफ्तरी होते. जुने कागद गाववार लावायचे, लाल कापडात गुंडाळून त्यांचे बस्ते बांधायचे, आणि साहेबांनी मागितला की नेमका तो बस्ता फळीवरून काढून द्यायचा, हे त्यांचं काम. उभी हयात बस्ते बांधण्यात गेलेली, तेव्हा माझ्या केसांचीही सुटका झाली नाही. सकाळी ते मला ओसरीवर पुढ्यात बसवत, खोबरेल थापत, भांग पाडत, आणि जीभ दातांत धरून दोन वेण्या घालत. वेण्या वाकड्यातिकड्या व्हायच्या, पण रिबिनीची गाठ मात्र अशी बसायची की तालुक्यातल्या कुठल्या आईला तशी मारता आली नसती. दोन वेढे, एक फास आणि एक शेपूट बाहेर. कितीही हिसके द्या, गाठ सुटायची नाही. शेपूट अलगद ओढलं की क्षणात मोकळी. ही दफ्तरी गाठ. शाळेतल्या पोरींना ही खोड कळली आणि मग "शेपूट ओढा गं हिचं" म्हणत त्या मधल्या सुट्टीत माझ्या मागे लागायच्या. मी रडत घरी यायची. अप्पा हसायचे आणि पुन्हा तीच गाठ मारायचे. दुसरी त्यांना येतच नव्हती. आमच्या घरात पिठाची पिशवी, अंथरुणाची वळकटी, भाकरीचं फडकं, सगळ्याला तीच गाठ होती.

आमच्या गळ्यातल्या लिंगालाही तीच. आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की दोन-चार दिवसांत जंगम स्वामी येऊन त्याचं लिंग देतात, सुपारीएवढं, काळं, गुळगुळीत. ते पांढऱ्या वस्त्रात बांधून गळ्यात घालायचं. रोज आंघोळ झाली की सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी घालायचं, दोन घटका त्याच्याकडे बघायचं, आणि पुन्हा बांधून मगच तोंडात घास घालायचा. ज्याचं त्याचं लिंग वेगळं. ते मरेपर्यंत गळ्यात, आणि मेल्यावर हातात. आईला मातीत बसवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. स्वामींनी तिच्या गळ्यातलं वस्त्र सोडलं, लिंग तिच्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली, एवढं मला स्पष्ट आठवतं. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, आणि मला तेच विचित्र वाटत होतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी अप्पांना विचारलं, आईचं तिच्यासोबत गेलं, आता माझ्यापाशी तिचं काय राहिलं? माझ्या गळ्यातल्या वस्त्राला हात लावून ते म्हणाले, "हे हाय की. स्वामीनं दिलं, पण तुज्या गळ्यात तुज्या आईनंच बांधलंय ते. त्याच्यावरनंच वळखंल ती तुला, कवाबी." आईविना झालेल्या पोरीला गप्प करायला बापानं काहीतरी सांगितलं, एवढंच ते. पण मी ते पक्कं धरून ठेवलं.

पुढं दोनेक वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. अहमदपुरात पेढे वाटले, कुणी फटाके उडवले. आमच्या घराला मात्र कुलूप लागलं. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीतून ट्रक भरभरून दफ्तरं लातूरला यायला लागली होती आणि त्यातली निजामाच्या वेळची सगळी उर्दूत. अप्पा लहानपणी चार यत्ता उर्दू शाळेत शिकलेले. बस्त्यावरच्या उर्दू चिठ्ठ्या वाचून गावं वेगळी करणारा माणूस हवा होता, म्हणून त्यांची लातूरला बदली झाली. तिथं त्यांना राहायला एका खोलीत एक कोपरा मिळाला, बाकीचे तीन कोपरे तीन शिपायांचे. अशा ठिकाणी वयात येऊ घातलेली पोर कशी ठेवणार? अप्पांनी मला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, शिरूर अनंतपाळला नेऊन सोडलं. "नवा जिल्हा हाय, बाई. घडी बसली की खोली बघतो आन् तुला नेतो," असं म्हणाले. शिरूर आता तालुका आहे, तेव्हा ते एक मोठं खेडं होतं. जिल्ह्याची घडी काही बसेना, आणि त्यात पावसानं पाठ फिरवली.

काशीआत्याचं घर वाईट नव्हतं. मी आत्याला उगाच राक्षसीण करणार नाही, तिनं मला कधी उपाशी ठेवलं नाही की हात लावला नाही. पण तिला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि घरात बोलायची तिची सवयच मोडली होती. दुष्काळात गुरं विकून टाकलेली, तेव्हा गोठ्यातून यायचा तो आवाजही बंद झाला होता. दुपारी पत्रे तापून कडकड वाजायचे, चिमण्या सुद्धा ओरडायच्या नाहीत, आणि आत्या जात्याजवळ बसून हुलगे निवडत असायची. संध्याकाळी पिवळ्या ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, असली तर शेंगदाण्याची चटणी. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवायचो आणि एकमेकींच्या चावण्याचा आवाज ऐकायचो. मी अहमदपूरच्या घराचं कुलूप आठवायची. आत काय काय आहे ते ओळीनं मनात म्हणायची: चूल, तिच्या शेजारी आईची फुंकणी, खुंटीवर अप्पांची जुनी टोपी. हे मी आजही करते, नांदेडच्या घरात, दुपारी हे बाहेर गेले आणि घर रिकामं झालं की. फुंकणी कुठं गेली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शनिवारी मात्र मी वेगळी असायची. शनिवारी दुपारच्या एसटीनं अप्पा यायचे आणि रविवारी दुपारी परत जायचे. धुळीचा लोट दिसायच्या आधी मला गाडीचा आवाज ऐकू यायचा. अप्पा खांद्याला पिशवी लावून उतरायचे, पिशवीत चुरमुरे असायचे, आणि आत्या त्यांचा हिरवी मिरची, कांदा घालून सुसला करायची. मग ओसरीवर बसून अप्पा लातूरच्या गमती सांगायचे. कुठल्या बस्त्यात वाळलेली पाल निघाली, कुठल्या साहेबानं उर्दू कागद उलटा धरून मान डोलावली. रात्र व्हायच्या आत ते माझ्या वेण्या घालायचे, आठवड्याची राहिलेली वसुली करून घेतल्यासारख्या. मी बारा वर्षांची झाले होते, मला स्वतःला वेण्या येत होत्या. पण शनिवारी मी त्या मुद्दाम घालायची नाही.

एका शनिवारी अप्पा आले नाहीत. मी अंधार पडेपर्यंत थांब्यावर बसून होते. पुढच्या शनिवारीही आले नाहीत. ट्रकांवर ट्रक आले होते, साहेबांनी रजा बंद केल्या होत्या, हे नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की अप्पांना आता नवा जिल्हा आवडतो आणि मी जुन्या जिल्ह्यातली राहिले. मला फार राग आला. राग काढायला माझ्याजवळ होतं तरी काय? मी त्यांची गाठ मारायची बंद केली. रिबिनीला साधं फूल, पिशवीला आत्यासारखी गाठ, आणि रोज पूजा झाल्यावर लिंगाच्या वस्त्रालाही साधी एक अढी. तुमची गाठ तुमच्यापाशीच ठेवा, असं मी मनातल्या मनात म्हणायची आणि मला बरं वाटायचं.

गावाला टँकर एक दिवसाआड यायचा. पाणी घरोघर वाटायची सोय नव्हती. टँकरवाला आपली सोंड गावविहिरीत सोडून सगळं पाणी धडाधडा आत ओतायचा, आणि मग बायकांनी दोर-बादल्या घेऊन तेच पाणी पुन्हा वर ओढायचं. हे डोकं कुणाचं होतं, ते मला आजवर समजलेलं नाही. टँकर आला की सगळं गाव विहिरीच्या काठावर. त्या दिवशी आत्याला कणकण होती म्हणून मी एकटीच घागर आणि पोहरा घेऊन गेले. दोन दांडग्या बायकांच्या मधून मी काठावर घुसले, ओणवी झाले आणि पोहरा सोडला. खाली सोंडेचं पाणी गर्जत होतं. तिसऱ्या का चौथ्या खेपेला मान वर केली तेव्हा गळ्यात काहीतरी हलकं हलकं वाटलं. बघते तर वस्त्र उघडं, वाऱ्यानं फडफडत होतं. आत काही नव्हतं. पडल्याचा आवाजही मला ऐकू आला नाही. मागची बाई म्हणाली, "सरक की गं पोरी, का विहिरीत तोंड बघायलीस?" मी सरकले. घागर घेऊन घरी आले, रांजणात ओतली, आणि परत आणायला गेले. सगळी मिळून पाच खेपा केल्या मी त्या दिवशी. रडायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याजवळ मी आडून आडून विषय काढला. कुणाचं लिंग हरवलं तर काय करतात गं आत्या? आत्या हुलगे निवडता निवडता म्हणाली, "करतेत काय? नवं मिळंपर्यंत तोंडात पाणी घ्यायचं न्हाई. वरल्या आळीच्या गौराबाईचं गेलं व्हतं. दोन दिस थुकी गिळली न्हाई बाईनं. स्वामी आले, नवं बांधलं, तवा घोट घेतला. अजून नाव काढतेत लोकं." मग माझ्याकडे रोखून बघत तिनं विचारलं, "कामून गं?" मी म्हटलं, असंच. खरं सांगायचं तर मला उपाशी राहायची किंवा लोकांनी नाव काढायची भीती नव्हती. स्वामी येतील, नवं लिंग बांधतील, संपेल, एवढं मला समजत होतं. पण नवं मला नकोच होतं. नवं आईनं बांधलेलं नसणार. नव्यावरून आई मला कशी ओळखणार? अप्पांनीच तसं सांगितलेलं, आणि अप्पांचीच गाठ मारली असती तर ते पडलंच नसतं. हे दोन विचार माझ्या डोक्यात दिवसभर फिरायचे, आणि सांगायला गावात एक माणूस नव्हतं.

त्या दुपारी मी घरणी नदीत गेले. नदी कसली, दगडगोट्यांची वाट. पात्रात तासभर फिरून मी एक काळा खडा शोधला. तेवढाच, तसाच गोल, फक्त एका अंगाला दोऱ्यासारखी बारीक पांढरी रेघ. बिनरेघेचा काही मिळाला नाही. तो धुतला, पुसला, वस्त्रात ठेवला आणि त्यावर एकावर एक सहा-सात गाठी मारल्या, आता हा तरी जाऊ नये म्हणून. सकाळी पूजेला बसले की रेघेची बाजू खाली करायची, भस्म लावायची, पळीभर पाणी घालायची, आणि सगळा वेळ भिंतीकडे बघायची. खड्याकडे बघायचं धाडस होत नसे. पूजा झाली की जेवण पुढ्यात यायचं आणि घास घशाखाली उतरायचा नाही. मी चोरून खाते आहे, असंच वाटायचं. "काय गं, जेवायलीस का शितं मोजायलीस?" आत्या विचारायची. मी भाकरीचा तुकडा हातात फिरवत बसायची. अप्पा एकदा येऊन गेले, पण त्या खेपेला ते तापानं फणफणलेले होते, अंथरुणावरच पडून राहिले, आणि मी काही बोलले नाही. त्यांचा ताप माझ्यामुळेच आला, अशी माझी खात्री झाली. महिना असाच गेला. माझ्या परकराचे बंद दोन बोटं मागे सरकले.

मग एका शनिवारी अप्पा आले तेव्हा उतरल्या उतरल्या माझ्याकडे बघतच राहिले. संध्याकाळी वेण्या घालताना त्यांनी माझ्या रिबिनीचं फूल सोडलं, ते हातात फिरवून बघितलं, आणि आपली गाठ मारली. रविवारी सकाळी एक-एक तांब्या पाण्यात आमच्या आंघोळी झाल्या. अप्पा म्हणाले, "ये, संगंच बसू पूजेला." मी जरा तिरकी बसले. त्यांनी शेपूट ओढून आपलं वस्त्र सोडलं, त्यांचं लिंग तळहातावर घेतलं. मी माझ्या सहा-सात गाठींशी झटत होते. नखं दुखायला लागली तरी एक सुटेना. अप्पांची पूजा झाली तरी माझी सुरू व्हायची होती. शेवटी एकदा सुटल्या, मी मूठ वळवून खडा तळहातावर घेतला, पाणी घातलं आणि भिंतीकडे बघत बसले. अप्पा माझ्याकडे बघत होते, हे माझ्या पाठीला कळत होतं.

जेवताना मी दोन घासांत हात धुतला. आत्या म्हणाली, "महिना झाला, असंच करायलीय. दृष्ट काढली, ओवा देऊन बघितला, काई फरक न्हाई. आईची आठवण येत असंल." अप्पांनी आपलं जेवण संपवलं. मग ओसरीवर गेले आणि मला हाक मारली.

"गिरजे, हिकडं ये. दोरा लई जुना झालाय तुज्या गळ्यातला. आण, बदलून देतो."

"नको अप्पा. चांगला हाय."

"आण, बाई."

अप्पांनी आवाज कधी चढवला नाही, तेव्हाही नाही. मी वस्त्र गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, गाठींच्या त्या गुंत्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जा, दुकानातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन ये." मी गेले. पळून जावं असं वाटत होतं, पण कुठं जाणार? दुकानदार जेवायला गेलेला, त्याची वाट बघत मी कट्ट्यावर बसून राहिले. रीळ घेऊन परत आले तर अप्पांनी सगळं बांधून तयार ठेवलं होतं. दोरीही नवी, बस्त्याची लाल. "माझ्याच पिशवीत निघाली की," म्हणाले, आणि माझ्या गळ्यात घालून पिशवी उचलून उभे राहिले. गाडीची वेळ झाली होती. आत्याच्या पाया पडले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले.

मी गोठ्यात गेले. शेपूट ओढलं, गाठ सुटली. आत रेघेचा खडा नव्हता. लिंग होतं. काळंभोर, गुळगुळीत, सगळ्या बाजूंनी काळं. मी ते उलटंपालटं करून बघितलं. हाताला थोडं जड लागलं, पण महिनाभर पाण्यात राहिल्यावर जड होणारच, अशी माझी मी समजूत घातली. बारा वर्षांच्या पोरीची अक्कल ती किती असणार! ते मुठीत धरून मी अनवाणी थांब्याकडे पळत सुटले. गाडी सुरू होऊन घरघरत होती. अप्पा खिडकीशी बसले होते, एक हात सदऱ्याच्या गळ्याशी. मी खालून ओरडले, "अप्पा, हे तर विहिरीत पडलं व्हतं, तुमाला कुठं घावलं?" त्यांनी आजूबाजूला बघितलं, वाकून म्हणाले, "विहिरीत माणसं उतरली व्हती नव्हं गाळ काढाया. त्याच्यात घावलं. म्या ठिवलं व्हतं. कुणाला सांगू नको. जेव आता." मग गाडी हलल्यावर पुन्हा एकदा डोकं बाहेर काढून म्हणाले, "गाठ नीट मारत जा." मी घरी येऊन आत्यासमोर तीन भाकरी खाल्ल्या. आत्यानं ओव्याला श्रेय दिलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर अप्पांनी लातुरात खोली घेतली आणि मला नेलं. मी तिथं शिकले, लग्न होऊन नांदेडला आले, शाळेत शिकवायला लागले. अप्पा निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना माझ्याकडेच आणलं. सोळा वर्षं ते या घरात होते. माझ्या मुलाला, महेशला, त्यांनी बुटाची नाडी दफ्तरी गाठीनं बांधायला शिकवली, आणि त्याच्याही वर्गात शेपूट ओढणारी पोरं निघाली. आता लिहिताना ध्यानात येतं की या सगळ्या वर्षांत अप्पा पूजेला नेहमी भिंतीकडे तोंड करून बसायचे. लातूरच्या खोलीतही, इथंही. म्हाताऱ्या माणसाची एकेक तऱ्हा, म्हणून मी कधी विचारलं नाही. आपलं वस्त्रही ते कुणाला धुऊ द्यायचे नाहीत. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या बाईंनी गळ्यातलं काढून ठेवा म्हटलं तेव्हा बोलता येत नव्हतं त्यांना, पण वस्त्रावरची मूठ सोडली नाही.

अप्पा गेले ते सकाळी, माझा हात हातात असताना. आमच्या रुद्रभूमीत त्यांना मातीत बसवलं. बायका सहसा पुढं जात नाहीत, पण मला मागं हो म्हणायचं कुणाला धाडस झालं नाही, मी एकटीच त्यांची लेक. स्वामी म्हणाले, "वस्त्र सोडा, लिंग हातावर द्या." माझ्या चुलतभावानं गाठ ओढून बघितली, हिसके दिले, मग कुणाकडे तरी ब्लेड मागितलं. मी म्हटलं, थांबा. खाली वाकले आणि शेपूट ओढलं. वस्त्र उघडलं, आणि माझ्या तळहातावर एक काळा खडा आला. घरणी नदीतला. तेहतीस वर्षं पाणी आणि भस्म लागून तो चकचकीत झाला होता, पण एका अंगाला दोऱ्यासारखी पांढरी रेघ तशीच होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिथंच उभ्यानं स्वामींना चार वाक्यांत सांगितलं. स्वामी तरुण होते, गोंधळून गेले. "मग त्यांचं लिंग कुठंय, ताई?" त्यांनी विचारलं. माझा हात गळ्याशी गेला. विहिरीचा गाळ कुणी काढलाच नव्हता. तेव्हा मला तो एसटीच्या खिडकीतला माणूस दिसला, एक हात सदऱ्याच्या गळ्याशी धरलेला. गळ्यात नदीतला दगड घालून तो त्या दिवशी एकटा लातूरला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन शिपायांच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, त्या दगडावर त्यानं पाणी घातलं. त्यांना कुठल्याही मठात जाऊन नवं घेता आलं असतं. मलाही तेव्हाच नवं देता आलं असतं. पण नव्यावर माझा विश्वास बसला नसता, हे त्यांना ठाऊक होतं, कारण ती गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. आणि स्वतःसाठी ते का गेले नाहीत, हे मात्र मला कळत नाही. तो खडा मी निवडलेला होता म्हणून असेल. त्यांनी आपलं लिंग मला दिलं, आणि आई आपल्याला कशावरून ओळखेल, याचा विचार केला नाही. किंवा केला, आणि तरी दिलं.

मी माझ्या गळ्यातलं सोडलं. अप्पांच्या डाव्या तळहातावर त्यांचं लिंग ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली. बोटं गार होती, तर्जनीवर सुतळीचा जुना घट्टा होता. मी त्यांना म्हटलं, घ्या अप्पा, आता आई ओळखेल. हे मी मोठ्यानं म्हटलं की मनात, ते मला आठवत नाही. माती लोटायला सुरुवात झाली तेव्हा खडा माझ्या मुठीत होता.

स्वामींनी पुढच्या आठवड्यात नवं लिंग बांधून घ्यायला बोलावलं होतं. मी हो हो म्हटलं आणि गेले नाही. महेश, हे तुझ्यासाठी लिहून ठेवते आहे. माझी वेळ येईल तेव्हा माझ्या गळ्यातल्या वस्त्रात तुला हा खडा सापडेल. लोक गोंधळतील, कुणी नावं ठेवेल, ठेवू दे. ब्लेड लावू नकोस, शेपूट ओढ. खडा माझ्या डाव्या तळहातावर ठेव, रेघ वरच्या बाजूला. मला आईनं बांधलेलं त्या विहिरीच्या तळाशी आहे, तेव्हा आई मला ओळखेल की नाही, सांगता येत नाही. पण अप्पा ओळखतील.